ह्यांच्या मापाचा कॉम्प्युटर

१२ जानेवारी

प्रिय ताई,

पाकीट पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनच करणार होते. पण गेल्या वेळी मी इतकी ओरडून बोलले की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या आणि "नणंदेशी पटत नाही का हो?" म्हणून विचारून गेल्या. शिवाय ह्या वेळचा मामला टिंब, रेघ आणि तिरक्या दांडीचा आहे. तुम्हाला हल्ली फोनवर माणूस बोलतोय की नळ वाहतोय एवढंच कळतं, असं तुम्हीच म्हणालात. म्हणून कागद.

ह्यांचा कॉम्प्युटर आजारी आहे. आतली डिस्क टिकटिकते. घड्याळासारखी नाही, घड्याळाला निदान चाल असते. ही मध्येच थांबते, विचारात पडते आणि मग घाईघाईने काहीतरी पुटपुटते. गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान आहे, त्या गृहस्थांना बोलावलं. मी त्यांना मनातल्या मनात झटपट म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच जाऊन पोचतं. त्यांनी डब्याला कान लावला आणि म्हणाले, "काकू, ही काही फार दिवसांची सोबती नाही. डबाही दमलाय. माझ्याकडे एक वापरलेला पण धडधाकट डबा आहे. नवी डिस्क घालतो, तयार लिनक्स टाकतो. अर्धा तास. झटपट."

माझा पाय अडलाय तो त्या "तयार"पाशी. ह्यांच्या लिनक्सचं तुम्हाला मी काय सांगायचं, हा नाद तुम्हीच लावलात त्यांना. जगातली शहाणी माणसं तयार प्रोग्रॅम आणतात. हे मूळ सोर्स कोड आणायचे आणि घरी, ह्याच खोलीत, कॉम्प्युटरकडून त्याचे प्रोग्रॅम करून घ्यायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चहा झाला की म्हणायचे, "आज मोठं बांधकाम आहे." डब्याचा पंखा घोंघावायला लागायचा. थंडीच्या दिवसांत खोली त्याने उबदार व्हायची. मी आमच्या चष्म्याच्या दुकानातली काचा पुसायची फडकी धुऊन आणायचे आणि डब्यामागच्या खुर्चीवर पसरायचे. दुपारपर्यंत खडखडीत वाळायची.

हे गेल्यापासून दोन वर्षं बांधकाम बंद आहे. टिकटिक सुरू झाल्यावर मी धीर करून ह्यांचा बांधकामाचा हुकूम टाइप करून पाहिला. पडदाभर लाल अक्षरं आली. तुम्हाला ठाऊक आहे, अक्षर दिसलं की मला ते वाचल्याशिवाय सोडवत नाही. सगळी वाचली. मला कळलं ते इतकंच की अमक्याला आधी तमका नवा पाहिजे आणि तमक्याला आधी अमका. दोघं दारात उभे, "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही", आणि मागे सगळं वऱ्हाड ताटकळलंय.

खरी काळजी पट्टीची आहे. पट्टी म्हणजे काय ते तुम्हाला ह्यांनी दाखवलं होतं का, आठवत नाही. मी शाळेत वाचायला शिकले नाही. चष्म्याच्या दुकानात काचा पुसायला लागले तेव्हा डोळे तपासायचा तो तक्ता समोर असायचा. वरती एकच भलंमोठं अक्षर, खाली खाली बारीक होत जाणारी. डॉक्टर पुठ्ठ्याने बाकीच्या ओळी झाकायचे आणि पेशंटला विचारायचे, "ही वाचा." पेशंट वाचायचे आणि मागे उभी राहून मीही वाचायचे. अक्षरं अशी आली. पण डोळ्याला खोड लागली ती लागली. पूर्ण पान उघडं पडलं की मी ह्या ओळीवरून त्या ओळीवर घसरते. ह्यांनी ते पाहिलं आणि वाचायच्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये स्वतः बदल केला. वाचायची ओळ ठळक, वरच्या-खालच्या फिकट. बटण दाबलं की पट्टी एक ओळ खाली उतरते. त्या पट्टीच्या जोरावर मी जाडजूड पुस्तकं वाचली आहेत, ताई. स्वयंपाकघरातून हे विचारायचे, "कुठवर आलीस?"

तयार लिनक्समध्ये ही पट्टी नसणार. मग काय करू? तुम्ही सांगाल तसं.

तुमची,
चष्मेवाली

*

२० जानेवारी

प्रिय चष्मेवाली,

वरच्या बाईंना सांग, पटत नाही, आणि तरीही वीस वर्षं टिकलंय.

सगळ्यात आधी डिस्कची जशीच्या तशी दुसरी प्रत काढून घे. आज. हे पत्र वाचून संपायच्या आत झटपटकडे गेलीस तरी चालेल, उरलेलं नंतर वाच.

गेलीस? बरं. आता ऐक. तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक, ती प्रत नव्या डब्यात घालायची आणि काहीच झालं नाही असं वागायचं. दुसरी, झटपट म्हणतो तसं तयार लिनक्स. तिसरी, माझ्या धाकट्या भावासारखं पायापासून सुरू करायचं. रिकामी डिस्क, त्यावर जेमतेम उभं राहील इतकं मूळ सामान आणि मग एकेक प्रोग्रॅम कोडमधून बांधत जायचं. हे काम किती चिकट आहे ते तू कडेला बसून पाहिलंयस, आत बसून नाही. पाणीपुरवठा खात्यात मी बिलांचे प्रोग्रॅम लिहिण्यात जन्म घालवला, तरी मला ते नकोसं व्हायचं. धाकट्याला आवडायचं. त्याला लहानपणीसुद्धा आयती खेळणी दिली की आधी खोलून बघायचा.

माझं मत दुसऱ्या वाटेला. तयार घे. धाकटा गेला, गं. त्याच्या हट्टालाही आता विश्रांती दे. कॉम्प्युटर हे यंत्र आहे, चालल्याशी कारण. पट्टीचं म्हणशील तर पडद्यावर पुठ्ठा धर. तक्त्यासमोर तेच करत होतीस ना?

मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे असं तुला वाटेल. वाटू दे. शेळ्या पोचल्याशी मतलब.

ताई

*

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

प्रत काढली. त्यातली ह्यांच्या कोडची एक प्रत तुमच्यासाठीही सोबत पाठवते आहे. खरंच मध्येच उठून गेले होते. झटपट म्हणाले, "काकू, चप्पल दोन वेगवेगळ्या घातल्यात."

मग तुमची पहिली वाट आधी करून पाहिली. तुमचं ऐकलं नाही असं म्हणू नका. दुसरी वाट सगळ्यात सोपी होती, ती कुठे पळून जाणार होती? प्रत नव्या डब्यात घातली. पडद्यावर चार ओळी नीट आल्या आणि पाचवीपाशी सगळं ठप्प. झटपटांनी इंग्रजी वाचून अर्थ सांगितला, "बेकायदा हुकूम." मला हसूच आलं. ह्यांनी जन्मात रिकाम्या रस्त्यावरचा लाल दिवासुद्धा ओलांडला नाही, आणि मागे ठेवून गेले काय, तर बेकायदा हुकूम. झटपटही चक्रावले. जुन्या डब्यात तीच प्रत सुरळीत चालते, नव्यात नाही. "डबा तर चांगला आहे हो," असं दोनदा म्हणाले. मला त्यांचीच कीव आली, शेवटी त्यांना चहा करून दिला.

मग दुसरी वाट. त्यांनी पेनड्राइव्हवरून तयार लिनक्स दाखवलं. खोटं कशाला बोलू, चांगलं आहे. दिसायला देखणं, चटकन उघडतं. वाचायचा प्रोग्रॅमही तोच, फक्त पट्टी नाही. मी पुठ्ठा धरून बसले. एका हातात पुठ्ठा, दुसरा हात बटणावर, आणि चष्मा नाकावरून घसरला की तिसरा हात आणायचा कुठून? दोन पानांत खांदा भरून आला. तिसऱ्या पानावर मी एकच ओळ परत परत वाचते आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बंद केलं. त्या दिवशी मी पुन्हा काही वाचलं नाही. नंतर बरेच दिवस वाचलं नाही. जुन्या डब्यात वाचायचं तर टिकटिक ऐकत बसावं लागतं, आणि वाटतं की आपण वाचतोय म्हणून ती झिजते आहे.

पाचव्या ओळीवर मी बराच विचार केला. दुकानात एक गोष्ट मी रोज पाहते. नवऱ्याचा नाहीतर बापाचा चष्मा घेऊन माणसं येतात. चांगला आहे, वाया कशाला घालवायचा, असं म्हणून डोळ्यावर चढवतात आणि धडपडतात. चष्मा चांगलाच असतो. काच त्या माणसाच्या नंबराची घासलेली असते, इतकंच. मी ह्यांचा चष्मा कधीतरी लावून बघते. भिंती वाकतात. तसंच काही आहे का हे? ह्यांनी सगळं त्या जुन्या डब्याच्या नंबराचं घासून ठेवलं होतं का?

आणखी एक. तुमच्याकडेही ह्यांनीच हे लिनक्स बसवलं होतं. तुमचं अर्थातच वेळच्या वेळी नवं होत असणार. तुमच्या वाचायच्या प्रोग्रॅमचं आणि त्या कोड बांधणाऱ्या प्रोग्रॅमचं व्हर्जन काय आहे तेवढं कळवा. नवं म्हणजे किती नवं, आपण किती मागे राहिलो, त्याचा मला अंदाज येईल.

तुमची,
चष्मेवाली

*

१८ फेब्रुवारी

प्रिय चष्मेवाली,

नंबराचं बरोबर ओळखलंस. कोड बांधताना यंत्राला सांगता येतं की स्वतःकडे बघ, तुझ्या प्रोसेसरला काय काय येतं ते सगळं वापर आणि त्या मापाने बांध. धाकट्याने तेच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या डब्यावर सगळं जरा जास्त चपळ चालतं. पण दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरपुढे ठेवलं की त्याला ते हुकूम कळतच नाहीत. म्हणून बेकायदा. झटपटाचा डबा निर्दोष आहे, त्याला सांग. बिचारा जेवला नसेल.

म्हणजे पहिली वाट बंद. तिसरी तू चालू नयेस असं मला वाटतं, हे मी आधीच लिहिलंय. तू परत परत विचारलंस म्हणून उत्तर बदलणार नाही. तयार घे, आणि पुठ्ठ्याला एखादा स्टँड करून घे. सवय होईल. सगळ्याची होते. माणसाने मागे पाहत चालू नये, ठेच लागते.

इथे थंडी आहे. कानाचं यंत्र नवं घेतलं, त्यात आता भांडी पडल्याचा आवाज फार छान येतो. माणसांचा नाही.

व्हर्जन मागितलीस ती खाली कोपऱ्यात लिहिली आहेत. त्यांचं तू काय करणार देव जाणे.

ताई

*

१ मार्च

प्रिय ताई,

दुकानात माझं निम्मं काम नंबर ताडून पाहण्याचं आहे. जुन्या चिठ्ठीवरचा आणि नव्या चिठ्ठीवरचा. तुम्ही कोपऱ्यात लिहिलेले आकडे मी सवयीने माझ्या आकड्यांशेजारी ठेवले.

दोन्ही सारखे आहेत. शेवटच्या टिंबापर्यंत.

म्हणजे हे शेवटचे तुमच्याकडे येऊन गेले, जाताना सगळं नवं करून गेले, त्यानंतर तुम्हीही तुमच्या कॉम्प्युटरला हात लावलेला नाही.

मी काही म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडे काय आहे? तुमचा भाऊ माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून तुमचा होता. फक्त एवढंच, की "सवय होईल" हे वाक्य मी आता तुमच्या शब्दाखातर खरं मानणार नाही.

सल्ला पुन्हा एकदा द्या. ह्या वेळी मला देऊ नका, स्वतःला द्या. उद्या तुमची डिस्क टिकटिकायला लागली तर तुम्ही काय कराल? तेच मी करीन.

तुमची,
चष्मेवाली

*

२२ मार्च

प्रिय चष्मेवाली,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे. राग आला होता. आधी तुझा, मग त्या आकड्यांचा, मग ते विचार न करता लिहून देणाऱ्या बाईचा. आता ओसरलाय.

खरं आहे. कॉम्प्युटर सुरू केला की तो मला सांगतो, फार दिवस झाले, नवं करायला हवं. मी तो निरोप बाजूला सारते आणि कामाला लागते. कारण सांगते. कान गेल्यावर दारावरची बेल मला ऐकू येईनाशी झाली. धाकट्याने बेलची तार कॉम्प्युटरपर्यंत आणली आणि एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. बेल वाजली की पडदा लुकलुकतो. तुझी पट्टी तशी माझी ही बेल. मला भीती वाटते की मी काही नवं करायला जाईन आणि एके दिवशी पडदा लुकलुकणार नाही. लोकांची बिलं मी आयुष्यभर बिनचूक काढली. स्वतःच्या भावाच्या चाळीस ओळींना हात लावायला मला दोन वर्षं धीर झाला नाही.

आणि खुर्ची. तो उंच होता, माझ्या खुर्चीवर बसून काम करताना त्याने ती वर केली. मी ती तशीच ठेवली आहे. माझे पाय अधांतरी लोंबतात, म्हणून खाली एक खोकं ठेवलंय. आलेल्यांना सांगते, डॉक्टरांनी सांगितलंय.

आता सल्ला, मला स्वतःला. मी तिसरीच वाट घेईन, पण धाकट्यासारखी नाही. त्याने घासलेल्या काचा फेकून द्यायच्या, फ्रेम ठेवायची. तुझ्याच दुकानाची भाषा आहे, तुला कळेल. म्हणजे असं, की त्याने काय घेतलं आणि काय नाकारलं ही निवड तुझ्या प्रतीत आहेच. ती नव्या डिस्कवर न्यायची. पट्टी न्यायची. बाकी सगळं आजच्या कोडमधून नव्या डब्यासाठी नव्याने बांधायचं. त्यातही इंटरनेटच्या ब्राउझरसारखं धूड तयारच घे. तेवढी सोय आता ह्या लिनक्समध्येही आहे. धाकटा नाक मुरडेल. मुरडू दे. छोटं आणि जिव्हाळ्याचं ते घरी बांध.

पट्टीची एक अडचण आहे. वाचायचा प्रोग्रॅम दोन वर्षांत बराच बदललाय. धाकट्याने जिथे टाके घातले होते ते कापडच आता तिथे नाही. त्याचा बदल नव्या कोडवर आपोआप चढत नाही, मी करून पाहिलं. हो, पाहिलं. तू मागे मला त्याच्या कोडची एक प्रत पाठवली होतीस, ती काढून बसले. ओळखीचा हात वाटला. नावं देण्याची खोड तीच, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. तीन दिवस लागले, पण बसवलंय. सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. कुठला हुकूम कशानंतर द्यायचा ते टिंबासकट कागदावर लिहून देते आहे.

एक अट. टाइप तू करायचंस. झटपटाला बसायला स्टूल दे, कीबोर्ड देऊ नकोस.

ताई

*

९ एप्रिल

प्रिय ताई,

झालं. पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही.

झटपट दुकानाला कुलूप लावून आले. स्टुलावर बसले. पहिला तासभर त्यांचे हात मांडीवर नुसते वळवळत होते. "काकू, तिथे एक बटण दाबलं की..." मी म्हटलं, "तुम्ही शेंगा सोला." सोलायला शेंगा नव्हत्या, तेव्हा फडकी घडी करायला दिली. माणूस फार चांगला आहे. डिस्कवर जागा आखायची वेळ आली आणि पडद्याने विचारलं, ह्यावरचं सगळं पुसलं जाईल, होय की नाही? डिस्क कोरी होती, पुसायला काही नव्हतंच. तरी माझं बोट थांबलं. झटपट हळूच म्हणाले, "जुनी तुमच्या कपाटात आहे, काकू. मी स्वतः ठेवली आहे." मग दाबलं.

मग तुमच्या कागदावर ती ओळ आली. यंत्राचं माप. तुम्ही तिथे ह्यांचीच ओळ ठेवली होती, स्वतःकडे बघ आणि त्या मापाने बांध. मी ती टाइप केली आणि पुसली. पुन्हा टाइप केली. झटपटांना वाटलं मी विसरले.

ताई, मी ती ठेवली नाही. तिच्या जागी साधं माप लिहिलं, कुठल्याही डब्याला चालेल असं. थोडं संथ चालेल, चालू दे. हे असते तर भांडले असते. "अगं, हाताशी घोडा आहे आणि तू चालत निघालीस?" मी म्हटलं असतं, "तुमचा घोडा तुमच्यामागे कुणाला बसू देत नाही." कडाक्याचं भांडण झालं असतं. मला ते भांडण फार हवं होतं. मी ते मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडले आणि जिंकले. जिंकून काही बरं वाटलं नाही, पण ओळ तशीच राहिली.

त्यानंतर बांधकाम सुरू झालं. नव्या डब्याच्या पंख्याचा सूर वेगळा आहे, जरा किरटा. खोली मात्र तशीच तापली. बाहेर ऊन, घरात ही ऊब, आणि मी खिडकी उघडली नाही. झटपटांनी घडी केलेली फडकी पुन्हा ओली करून खुर्चीवर पसरली. ते बघत राहिले. संध्याकाळी उठताना म्हणाले, "काकू, मी लोकांना अर्ध्या तासात देतो ते पण वाईट नसतं हो." मी म्हटलं, "अजिबात नाही. आमच्या दुकानात तयार चष्म्यांचा स्टँड आहे. निम्मं गाव त्यावर वाचतं." तेव्हा त्यांचा चेहरा जरा खुलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचायचा प्रोग्रॅम बांधून झाला. पुस्तक उघडलं. पट्टी आली! ताई, तुमची पट्टी आली. पण पट्टी एका ओळीवर आणि मी दुसऱ्या. मी वाचत होते त्याच्या खालची ओळ ठळक व्हायची. एक ओळ पुढे, सतत. जणू पट्टीला घाई होती.

आधी वाटलं, तुम्हाला लिहावं. मग वाटलं, तुम्ही आधीच तीन दिवस डोळे शिणवलेत. तुमचा कोड उघडला. इंग्रजी मला अडखळतच येतं, पण ह्यांची नावं मी ओळखते, "oli" म्हणजे ओळ, "patti" तर पट्टीच. ती दोन नावं जिथे शेजारीशेजारी होती तिथे पुढे अधिक एक होता. मी त्या एकाचे दोन केले. बांधलं. पट्टी आणखीच पुढे पळाली. मग त्याचा शून्य केला. पुन्हा बांधलं.

मी पहिलं पान उघडलं. ठळक ओळ तीच होती जी मी वाचत होते. एक बटण. पुढची. एक बटण. पुढची. किती वेळ वाचत बसले मला सांगता येणार नाही. मध्येच मी स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "तिसऱ्या प्रकरणावर आलेय." मग रडले. मग चौथं प्रकरण सुरू केलं.

आता माझं काम. मी मुद्दाम साधं माप लावलंय त्याचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. इथे बांधलेलं तुमच्या डब्यालाही चालेल, तुम्हाला पायापासून काही बांधायला नको. सगळं एका डिस्कवर घेऊन मी पुढच्या आठवड्यात येते. आधी तुमच्या डिस्कची प्रत काढू. बेलच्या चाळीस ओळी तुम्ही बसवायच्या, मी शेजारी स्टुलावर बसेन आणि फडक्यांच्या घड्या करीन. पडदा लुकलुकेपर्यंत मी बाहेर उभी राहून बेल वाजवत राहीन. शेजारच्यांना काय वाटायचं ते वाटो.

नको म्हणायला फोन करू नका. तुम्हाला माझं ऐकू येणार नाही, आणि मी तुमचं ऐकणार नाही.

तुमची,
चष्मेवाली

*

१४ एप्रिल

प्रिय चष्मेवाली,

ये.

अधिक एकाची चूक माझी. मी ओळी शून्यापासून मोजते, धाकटा एकापासून मोजायचा. लहानपणी जिने चढतानाही आमची ह्यावरून जुंपायची. तू मध्ये पडून मिटवलंस, बरं केलंस.

साध्या मापाबद्दल तू त्याच्याशी भांडलीस ते वाचून मी मोठ्याने हसले. कानाच्या नव्या यंत्रात माझंच हसणं मला ऐकू आलं, बऱ्याच दिवसांनी. भांड्यांसारखंच वाजतं. भांडणात मी तुझ्या बाजूने होते असं धर.

आलीस की बेल दाब. जुना पडदा अजून लुकलुकतो आहे, तोवर त्याचं शेवटचं पाहून घेऊ. तो लुकलुकला नाही तरी दार ठोठावू नकोस, मी खिडकीतच उभी असेन.

आणि काल खुर्ची खाली केली. तू येऊन कॉम्प्युटरला हात लावणार, त्याआधी एक गोष्ट आपण स्वतः करावी असं वाटलं. दांडी घट्ट झाली होती, दोन्ही हातांनी दाबावी लागली. खोकं उचलून बाहेर ठेवलं.

पाय जमिनीला लागले.

ताई